कोयत्यावरचं ऊन आणि करंजाचं तेल

दिवाळी झाली की नंदुरबार, धुळे आणि डांगातून ऊसतोडीच्या टोळ्या सुरत जिल्ह्यात उतरतात. बारडोली, मढी, चलथाण, कामरेज असा हा सहकारी साखर कारखान्यांचा पट्टा आहे. कामरेज तालुक्याचा कारखाना नवी पारडीला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल कोयत्याची, खावटी कोयत्याची, हिशेब कोयत्याचा. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून या माणसांवर लिहिलं. त्यांची मजुरी, कर्ज, पडावावरची पालं हे सगळं त्या लिखाणात आहे. मला या प्रकरणात त्यांच्या कातडीबद्दल लिहायचं आहे, आणि त्या कातडीवर सकाळी चोळल्या जाणाऱ्या तेलाबद्दल.

कामरेज २१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे, नंदुरबारही तसंच. नंदुरबार जिल्ह्यातून वाहत आलेली तापीच पुढे कामरेजच्या पुलाखालून सुरतेकडे जाते. म्हणजे घर सोडून आलेल्या माणसाच्या डोक्यावरचा सूर्य तोच असतो. फरक पडतो तो हंगामाच्या चालीने. तोड सुरू होते तेव्हा ऊन मवाळ असतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कामरेजला भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवरच असतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते. मार्चच्या विषुवदिनी तीच सावली उंचीच्या चाळीस टक्क्यांवर येते. एप्रिलच्या मध्याला ती पाचव्या हिश्श्यावर येऊन पायाशी गोळा होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो की सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीला सावलीच उरत नाही. तोवर बहुतेक टोळ्या गावी परतलेल्या असतात, पण हंगाम लांबला तर नाही.

सावलीची ही मोजणी हौसेची नाही. सूर्य जितका उंच, तितकी त्याच्या किरणांना हवेतून कमी वाट कापावी लागते आणि तितके जास्त अतिनील किरण जमिनीपर्यंत पोहोचतात. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की कातडी जपायची वेळ झाली, असा साधा ठोकताळा त्वचारोगतज्ज्ञ देतात. घड्याळ नसलं तरी तो उसाच्या फडात चालतो. आणि इथे उष्म्यावर विसंबून चालत नाही. अंगाला जाणवतो तो तापवणारा किरण वेगळा आणि कातडी बिघडवणारा वेगळा. अतिनील किरण कुणालाही जाणवत नाही. फेब्रुवारीतल्या गार वाऱ्यात, घाम न येताही तो आपलं काम करत असतो.

या किरणांचे आपल्याशी संबंध येणारे दोन गट आहेत. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘बी’ किरण आणि ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ‘ए’ किरण. त्याहून आखूड ‘सी’ किरण ओझोनच्या थरातच अडतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत ९५ टक्क्यांहून अधिक वाटा ‘ए’चा असतो, पण कातडी पोळवण्याची ताकद ‘बी’मध्ये कितीतरी पट जास्त. ‘बी’ किरण पेशीतल्या डीएनएवर थेट पडतात आणि त्याच्या साखळीतले शेजारी दुवे चुकीच्या जागी एकमेकांना चिकटवतात. पेशी ते दुरुस्त करत राहते, काही दुरुस्त्या राहून जातात. पोळलेली कातडी लगेच दिसत नाही. लाली आणि आग चढत जाते ती बारा ते चोवीस तासांनी, म्हणजे माणूस पडावावर परतून झोपल्यावर. ‘ए’ किरण खोल जातात, काचेतूनही येतात, आणि कातडीला ताण देणाऱ्या कोलॅजेनच्या धाग्यांची नासधूस करतात. चाळिशीच्या आत मानेवर चामड्यासारख्या रेषा पडलेल्या दिसतात, त्यांत मोठा हात या ‘ए’ किरणांचा.

सावळ्या कातडीला ऊन लागत नाही, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धवट. मेलॅनिन हा कातडीतला रंगकण खरोखरच आड धरतो. अगदी काळ्या कातडीचा वरचा थर गोऱ्या कातडीच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश ‘बी’ किरण आत सोडतो, असं १९७९ च्या अमेरिकी मोजमापात दिसलं. आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. त्यामुळे उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने खूपच कमी. पण गालांवरचे वांग, कपाळावरचे काळे चट्टे, मानेवर आणि हातांवर उन्हाने उठणारं खाजरं पुरळ, फुटलेले ओठ, हे सगळं आपल्या कातडीला होतं आणि उन्हात राबणाऱ्याला जास्त होतं. ही दुखणी जीव घेत नाहीत, म्हणून त्यांची कुठे नोंदही होत नाही. मला तीच गोष्ट खटकते. खाजेने रात्रभर झोप न लागलेली बाई पहाटे पुन्हा फडात उभी असते.

आता तेल. सकाळी हातापायांना, तोंडाला तेल चोळून उन्हात जायची रीत खानदेशात आहे, कोकणात आहे, सगळीकडेच आहे. कुणाकडे खोबरेल, कुणाकडे तिळाचं, कुणाकडे घाण्यावरचं भुईमुगाचं. हल्ली त्यात एक नवी भर पडली आहे. बियांच्या तेलांचा एसपीएफ सांगणारे तक्ते मोबाइलवर फिरतात. खोबरेल ७, ऑलिव्ह साडेसात, रासबेरीच्या बियांचं तेल थेट २८ ते ५०. हे आकडे कुठून आले ते पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एसपीएफ म्हणजे काय, ते आधी. उघडी कातडी किती उन्हाने लाल होते आणि लेप लावलेली किती उन्हाने, याचं ते गुणोत्तर. एसपीएफ २ म्हणजे पोळवणारे निम्मे किरण अडले, १५ म्हणजे सुमारे ९३ टक्के, ३० म्हणजे सुमारे ९७ टक्के. हे गुणोत्तर मुख्यतः ‘बी’ किरणांचं. ‘ए’ किरण किती अडले ते त्यावरून कळत नाही. शिवाय ही कसोटी दर चौरस सेंटिमीटर कातडीला २ मिलिग्रॅम लेप लावून घेतली जाते. हा थर जेमतेम २० मायक्रॉन जाडीचा होतो, तरी माणसं प्रत्यक्षात लावतात त्याहून तो बराच जाड असतो.

खोबरेलाचा आकडा आला रायपूरहून. चंचल दीप कौर आणि स्वर्णलता सराफ यांनी २०१० साली सौंदर्यप्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या तेलांची मोजणी प्रसिद्ध केली. ऑलिव्ह ७.५, खोबरेल ७.१, एरंडेल ५.७, बदाम ४.७, मोहरी २.१, तीळ १.८ असे त्यांचे निष्कर्ष. काम प्रामाणिक होतं, पण ते कातडीवर झालेलं नव्हतं. अल्कोहोलच्या पातळ द्रावणात तेल मिसळून, २९० ते ३२० नॅनोमीटरचा प्रकाश त्यातून किती आरपार जातो हे यंत्राने मोजलं आणि सूत्राने त्याचा एसपीएफ काढला. या पद्धतीत तेलाच्या बाबतीत एक अडचण कायम असते. तेल अल्कोहोल-पाण्यात नीट विरघळत नाही. द्रावण थोडं जरी ढगाळ राहिलं तर प्रकाश विखुरतो, आणि यंत्राला विखुरलेला प्रकाश आणि शोषलेला प्रकाश यांतला फरक कळत नाही. पुढे अमेरिकेत वेगळ्या रीतीने मोजल्यावर खोबरेलासकट तेलांचा आकडा दीडच्याही खाली आला. रासायनिकदृष्ट्या तसंच असायला हवं. खोबरेल म्हणजे जवळजवळ सगळी संपृक्त मेदाम्लं. त्यांच्या रेणूंत अतिनील प्रकाश धरून ठेवेल अशी रचनाच नाही. शुद्ध खोबरेलाचा पातळ थर या किरणांना पाण्याइतकाच पारदर्शक असतो.

रासबेरीची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००० साली कॅनडातल्या संशोधकांनी रासबेरीच्या बियांच्या तेलाचे गुणधर्म तपासले. त्यात त्याच्या प्रकाशशोषणाची तुलना टायटॅनियम डायऑक्साइडच्या मलमांशी केलेली होती, आणि २८ ते ५० हा आकडा त्या मलमांच्या संदर्भात आला होता. नक्कल करणाऱ्यांनी तो उचलून तेलाच्या नावावर मांडला. प्रयोगशाळेतल्या काचेच्या चौकोनी नळीत तेलाची जाडी सहसा एक सेंटिमीटर असते. कातडीवरच्या २० मायक्रॉनच्या थराच्या ती पाचशेपट झाली. नळीत जे अडतं ते अंगावर अडेलच असं नाही. तरी आज पंचवीस वर्षांनंतरही, घरच्या घरी सनस्क्रीन बनवायच्या कृतींत हा आकडा छातीठोकपणे दिला जातो. लहान मुलांना ते तेल लावून समुद्रावर नेणारे आईबाप आहेत, म्हणून हे इतक्या तपशिलाने लिहावंसं वाटलं.

तेलाने उलटा परिणामही होऊ शकतो. कोरड्या कातडीवर सूक्ष्म पापुद्रे उभे असतात आणि ते काही प्रकाश परतवतात. तेल त्या फटी भरून पृष्ठभाग गुळगुळीत करतं, आणि प्रकाश सहज आत शिरतो. सोरायसिसच्या रुग्णाला अतिनील प्रकाशाचे उपचार देण्याआधी खवल्यांवर तेल किंवा तत्सम स्निग्ध लेप लावतात, तो याच कारणाने. तिथे किरण आत जायला हवे असतात. फडात ते नको असतात. सकाळचं तेल ऊन अडवतं, या समजावर उघडे हात ठेवून दिवसभर काम करणं म्हणूनच धोक्याचं.

तर मग तेल लावूच नये का? लावावं, पण वेळ आणि तेल नीट निवडून. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मृत पेशी आणि त्यांच्या मधली स्निग्ध द्रव्यं मिळून एक बांध तयार होतो. तो आतलं पाणी धरून ठेवतो आणि बाहेरची धूळ, जंतू, उसाच्या पानांवरची कूस यांना रोखतो. उन्हाने, घामाने आणि सारखं धुण्याने तो बांध विरतो. तो पुन्हा बांधायला लिनोलेइक आम्ल लागतं, आणि ते काही बियांच्या तेलांत भरपूर असतं. सूर्यफूल आणि करडई ही त्यातली आपल्याला परिचयाची. करडई तर मराठवाड्याचं जुनं पीक. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांच्या हातांवर ऑलिव्ह आणि सूर्यफुलाचं तेल काही आठवडे लावून पाहिलं. ऑलिव्हने हा बांध कमकुवत झाला, सूर्यफुलाने तो टिकला. त्याआधी २००२ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत सूर्यफुलाने बांध लवकर सावरला आणि मोहरीच्या तेलाने तो सावरायला उशीर झाला. म्हणजे रायपूरच्या एसपीएफ मोजणीत सगळ्यांत वर बसलेलं महागडं ऑलिव्ह इथे चक्क मागे पडतं.

पण ज्या गुणामुळे करडई-सूर्यफूल चांगली, त्याच गुणामुळे ती उन्हात लवकर बिघडतात. लिनोलेइक आम्लाच्या रेणूत दोन दुहेरी बंध असतात आणि प्रकाश व हवा मिळाली की ऑक्सिजन तिथेच हल्ला करतो. खवट झालेलं तेल कातडीला त्रासच देतं. म्हणून ही तेलं संध्याकाळची. कामावरून परतल्यावर अंग धुवावं, कातडी ओलसर असतानाच पातळ हात फिरवावा. बाटली गडद रंगाची असावी, ती पालाच्या आत सावलीत असावी. जवसाचं तेल तर हवेत इतकं झपाट्याने बदलतं की ते रंगकामात वाळणारं तेल म्हणून वापरतात. ते अंगाला लावून उन्हात जाण्यात काहीच शहाणपण नाही.

आता या प्रकरणातला माझ्या जिवाभावाचा भाग. कालव्याच्या कडेला, रस्त्याच्या दुतर्फा, गावाच्या वेशीवर करंज असतो. दक्षिण गुजरातेत आहे, खानदेशात आहे, कोकणात तर ओढ्याओढ्यावर आहे. चैत्राच्या आगेमागे जुनी पानं झडून चकाकती हिरवी पालवी येते आणि भर उन्हात त्याच्याखाली गडद सावली पडते. त्याची शेंग चपटी, कडक, टोकाशी किंचित वाकलेली. वाळली की पिवळट तपकिरी होते. दगडाने ठेचली की आत बहुतेक वेळा एकच बी निघतं, तांबूस, सुरकुतलेल्या सालीचं, वालाच्या दाण्याहून मोठं. नखाने खरवडलं तर बोटाला कडू तेलकट वास लागतो आणि तो साबणानेही लवकर जात नाही. बियांत साधारण तिसरा हिस्सा तेल असतं. घाण्यातून निघतं ते गडद, तपकिरी, उग्र. ते खाण्याचं नाही. दिव्यासाठी, चामडं कमावायला, आणि खरूज-नायटा-खाजेवर ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. घरोघरच्या जुन्या बायका त्याला करंजेल म्हणतात.

या तेलात काय आहे, याचा शोध पुण्यात सुरू झाला. रानडे इन्स्टिट्यूटमधले रसायनशास्त्रज्ञ डी. बी. लिमये यांनी १९२५ च्या सुमारास करंजाच्या तेलातून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव करंजिन. साधनांचा तुटवडा असलेल्या त्या काळात, परदेशी पेठेकडे न पाहता, आपल्या रस्त्यावरच्या झाडाचं बी घेऊन मूलभूत रसायनशास्त्र करणारी ती माणसं होती. पुढे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात एस. रंगस्वामी आणि टी. आर. शेषाद्री यांनी त्याच तेलातून दुसरा पदार्थ मिळवला, पोंगामॉल. तेव्हा तो वनस्पतिरसायनशास्त्रातला एक नवा रेणू, एवढंच त्याचं महत्त्व होतं.

तीस वर्षांनंतर, १९७३ मध्ये, युरोपात अव्होबेन्झोन या कृत्रिम रसायनाचं पेटंट घेतलं गेलं. १९७८ ला युरोपात आणि १९८८ ला अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज बाजारातल्या असंख्य सनस्क्रीनमध्ये ‘ए’ किरण अडवण्याचं काम हाच रेणू करतो. त्याची रचना आणि पोंगामॉलची रचना शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत दोन बाजूंना कड्यांची रचना आणि मध्ये तीन कार्बनचा पूल, ज्याच्या दोन टोकांना ऑक्सिजन. रसायनशास्त्रात या सांगाड्याला डायबेन्झॉइलमिथेन म्हणतात. या पुलावरून आणि कड्यांवरून इलेक्ट्रॉन सैलपणे फिरू शकतात, आणि नेमक्या ३५० नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणाची ऊर्जा ते गिळतात. अव्होबेन्झोनचं सर्वाधिक शोषण ३५७ ला, पोंगामॉलचंही त्याच परिसरात. कारखान्यात घडवलेला रेणू आणि करंजाच्या बियातला रेणू एकाच कुळातले निघाले. खोबरेलात जी प्रकाश धरणारी रचना नाही म्हणून वर सांगितलं, ती करंजेलात आहे. आणि ती मेदात नसून मेदात विरघळलेल्या या थोड्याशा इतर पदार्थांत आहे.

हे वाचून कुणी लगेच करंजेलाची बाटली उचलू नये. कच्च्या तेलात पोंगामॉलचं प्रमाण टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. ते झाडागणिक, हंगामागणिक बदलतं. सनस्क्रीनमध्ये अव्होबेन्झोन अमेरिकेत ३ टक्क्यांपर्यंत आणि युरोपात ५ टक्क्यांपर्यंत घालू देतात, आणि तेही एकटं नव्हे, ‘बी’ किरण अडवणाऱ्या दुसऱ्या द्रव्यांच्या जोडीने. पोंगामॉलचा जोर ‘ए’ किरणांवर. पोळवणाऱ्या ‘बी’ किरणांसाठी त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय हे पदार्थ कच्च्या, वास येणाऱ्या तेलातच असतात. तेल शुद्ध करून रंग-वास घालवला की त्यांतला बराचसा भाग त्याबरोबर निघून जातो. सुंदर पारदर्शक बाटलीतलं बिनवासाचं करंज तेल विकत घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. कच्चं तेल काहींच्या कातडीला झोंबतं, म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबावं. परदेशातल्या सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी पोंगामॉल वेगळं काढून क्रीममध्ये वापरलं आहे. ज्या आदिवासी पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये करंजाच्या शेंगा गोळा होतात, तिथे मात्र बी जातं ते साबण, दिवा आणि इंधनाच्या भावाने. नंदुरबारची किंवा डांगची एखादी सहकारी संस्था हे द्रव्य प्रमाणित करून मजुरांसाठी स्वस्त लेप बनवू शकेल का, हा प्रश्न माझ्या मते साखरेच्या उताऱ्याइतक्याच गांभीर्याने विचारायला हवा.

कोंड्याचं तेलही याच रांगेत बसतं. तांदळाच्या कोंड्यात ओरायझॅनॉल नावाचं मिश्रण असतं. त्यातल्या फेरुलिक आम्लाच्या भागामुळे ते ३१५ नॅनोमीटरच्या आगेमागे प्रकाश शोषतं, म्हणजे पोंगामॉलला जिथे जमत नाही तिथे. जपानमध्ये ते प्रसाधनांत बऱ्याच काळापासून आहे. इथेही अडचण तीच. शुद्धीकरणात ते मोठ्या प्रमाणावर निघून जातं.

आणि एक बी असं आहे की ज्याचं तेल उन्हापासून वाचवत नाही, उन्हाला बोलावतं. बावची. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावची लावून उन्हात बसायचं, हा आयुर्वेदातला जुना उपचार. त्यामागचं द्रव्य सोरालेन. ‘ए’ किरण पडले की सोरालेन पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं आणि कातडीची उन्हाला प्रतिक्रिया कैकपट वाढते. इजिप्तमध्ये असंच द्रव्य असलेल्या दुसऱ्या एका बियापासून १९४० च्या दशकात कोडावरची औषधं निघाली, आणि १९७४ मध्ये बोस्टनला सोरालेन आणि ‘ए’ किरण यांची मोजूनमापून जोडी करून सोरायसिसवरचा उपचार मांडला गेला. मोजूनमापून, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. अंदाजाने बावचीचं तेल लावून एप्रिलच्या उन्हात गेलेल्या माणसाला टरारून फोड येतात. लिंबाचा रस आणि अंजिराचा चीकही असंच करतात. त्यामुळे ‘बियांचं तेल, नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य ऐकलं की बावची आठवावी. ती दुकानात करंजाच्या शेजारच्याच बरणीत असते.

तेलाने भागत नसेल तर सनस्क्रीन द्यावं, असं शहरातला माणूस सहज म्हणेल. आकडे मांडून पाहू. मध्यम बांध्याच्या माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण १६,००० चौरस सेंटिमीटर. चेहरा, मान, कोपरापुढचे हात, पंजे आणि पावलं उघडी धरली तर त्याचा पाचवा हिस्सा, ३,२०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळेला साडेसहा ग्रॅमच्या घरात. घामाने पुसलं जातं, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. आठ तासांच्या कामाला चार वेळा, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. ५० ग्रॅमची नळी एका माणसाला दोन दिवस पुरते, आणि एका कोयत्याला, म्हणजे जोडीला, एकच दिवस. टनावर मजुरी घेणाऱ्या जोडीने रोज एक नळी विकत घ्यावी, असं सुचवणंसुद्धा अन्यायाचं आहे.

फडातल्या बायकांनी याचं उत्तर आधीच काढलेलं आहे. साडीवर नवऱ्याचा किंवा भावाचा लांब बाह्यांचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्या मनगटावर दोरीने किंवा रबराने बांधलेल्या, डोक्याला फडकं, त्याचा एक पदर तोंडावरून गुंडाळून कानामागे खोचलेला. पानाच्या धारेने हात कापू नयेत म्हणून हा शर्ट आला, पण तो ऊनही अडवतो. किती अडवतो ते विणीवर आणि रंगावर अवलंबून. पातळ पांढरा सुती टी-शर्ट उन्हाचा सुमारे सातवा हिस्सा आत सोडतो, आणि तोच घामाने चिंब झाला की तिसरा हिस्सा. घट्ट विणीचं, गडद रंगाचं जाड कापड याच्या कितीतरी पुढे आहे. डेनिममधून तर जवळजवळ काहीच आत जात नाही, फक्त एप्रिलमध्ये ते अंगावर सहन होत नाही. नवं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आवळतं आणि त्याची आड वाढते. कोपरावर, खांद्यावर विरलं की ती घटते, आणि नेमकं तिथेच ऊन जास्त लागतं. खांद्यावर जुन्या कापडाचं दुसरं अस्तर शिवून घेतलं तर थोड्या खर्चात मोठं काम होतं.

फडक्यात एक उणीव राहते, ती डोळ्यांची. उन्हात वर्षानुवर्षं राबणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाच्या बाजूने मांसल पडदा सरकत येतो, मोतीबिंदूही लवकर धरतो. त्याला ना करंजेल उपयोगी, ना क्रीम. साडेसात सेंटिमीटर रुंद कड असलेली टोपी फडक्यावर बसली तर डोळे, नाक आणि गाल एकदम सावलीत येतात. उसाच्या गर्दीत मोठा घेर अडतो, म्हणून कड मऊ हवी आणि हनुवटीखाली बंद हवा.

राहिला वेळेचा भाग. कामरेज भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला असल्यामुळे तिथली खरी मध्यान्ह घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर होते. तिच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, म्हणजे साधारण साडेदहा ते अडीच, या चार तासांतच दिवसभरातल्या अतिनील किरणांचा निम्म्याहून मोठा वाटा पडतो. तोड पहाटे अंधारात सुरू करून साडेदहाला थांबवता आली, आणि उरलेली मोळ्या बांधण्याची, भरणीची कामं तिसऱ्या प्रहरानंतर घेता आली, तर अंगावर काहीही न लावता तो वाटा टळतो. डिसेंबरात याची फारशी गरज नाही. मार्चच्या मध्यापासून आहे. पण तेव्हाच कारखान्याला उभा ऊस संपवायची घाई असते, ऊस वाळला की उतारा घटतो, आणि कुठल्या फडात कधी कोयता लावायचा ते टोळी ठरवत नाही, टोळी आणणारा मुकादमही ठरवत नाही. तोडणीचा कार्यक्रम मंडळीच्या, म्हणजे सहकारी कारखान्याच्या, कार्यालयात ठरतो.